एक किलो हायड्रोजन, सतराशे टाक्या पाणी

प्रकल्प : काळ्या समुद्राच्या खोल पाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून हायड्रोजन
ठिकाण : वार्ना, बल्गेरिया. मुदत नऊ महिने. माणसं तीन.

४ मार्च २०२४

आज रुजू झालो. प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक फ्यूम हूड (विषारी वायू ओढून घेणारं कपाट), एक जुना पोटेन्शिओस्टॅट (सेलला ठरवून व्होल्टेज देणारं यंत्र) आणि खिडकीतून दिसणाऱ्या बंदराच्या क्रेन. तंत्रज्ञ बाईंनी आल्या आल्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला. याला मार्टेनित्सा म्हणतात. १ मार्चला बांधायचा आणि पहिला करकोचा किंवा मोहरलेलं झाड दिसलं की सोडून फांदीला अडकवायचा. राखीची सवय, त्यामुळे मी हात लगेच पुढे केला. "घट्ट झाला का?" असं त्यांनी खुणेने विचारलं आणि मी आपली नेहमीची मुंडी हलवली. इथे मान आडवी हलवली की 'हो' आणि वर-खाली केली की 'नाही'. आपली मधलीच तिरकी मुंडी त्यांनी कशी घेतली कोण जाणे. दोरा सोडून परत बांधला.

मी अकरा वर्षं मुंबईत रिफायनरीच्या सल्फर रिकव्हरी युनिटवर काढली. एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, हा माझ्या रोजच्या ओळखीचा वायू. क्लॉस पद्धतीत त्यातला एक तृतीयांश जाळून सल्फर डायऑक्साइड करतात, तो उरलेल्या एचटूएसशी भिडवून गंधक काढतात, आणि हायड्रोजनचं होतं पाणी. ते वाफ होऊन चिमणीतून जातं. शेजारच्याच प्लँटमध्ये नैसर्गिक वायू फोडून हायड्रोजन बनवायचा आणि इथे तोच हायड्रोजन पाणी करून सोडून द्यायचा, हे मला पहिल्या वर्षापासून खुपत आलं आहे. या प्रकल्पाला अर्ज केला तो त्याच खुपण्यातून.

६ मार्च

प्राध्यापक बाईंनी समुद्राची ओळख करून दिली. फळ्यावर बॉस्फरसची सामुद्रधुनी काढली. तिचा उंबरठा जेमतेम ३५ मीटर खोल. वरच्या थरातून काळ्या समुद्राचं निमखारं पाणी बाहेर मार्मारा समुद्राकडे जातं, खालून भूमध्य समुद्राचं जड खारं पाणी आत येतं. डॅन्यूब, नीपर, डॉन या नद्या वर गोडं पाणी ओततात. त्यामुळे वरचं हलकं आणि खालचं जड अशी दोन पाणी एकमेकांवर बसली आहेत आणि ती ढवळली जात नाहीत. ऑक्सिजन वरच्या शे-दीडशे मीटरांतच संपतो. त्याखाली दोन हजार मीटरपेक्षा जास्त खोलपर्यंत ऑक्सिजन नाही, मासा नाही. फक्त जिवाणू. वरून पडणारा मेलेला गाळ कुजवायला ऑक्सिजन मिळत नाही म्हणून ते पाण्यातला सल्फेट वापरतात, आणि त्यातून एचटूएस सुटतो.

१८९० साली निकोलाय आंद्रुसोव 'चेर्नोमोरेत्स' या जहाजावरून गेला आणि खोल पाण्याला हा वास आहे हे त्याने पहिल्यांदा दाखवलं. म्हणजे ही बातमी एकशेचौतीस वर्षांची जुनी. तेव्हापासून किती जणांना वाटलं असेल की हा फुकटचा साठा आहे!

७ मार्च

भिंतीवर चिकटवलेला कागद, माझ्यासाठीच:

पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट.
हायड्रोजन सल्फाइड फोडायला किमान ०.१७ व्होल्ट.

सगळा मोह या दोन ओळींत आहे. पाण्यातला हायड्रोजन ऑक्सिजनला घट्ट धरून बसतो, गंधकाला त्याची पकड सैल. वर आणखी एक फायदा: समुद्राच्या पाण्याचं साधं विद्युत-विघटन करायला गेलं की अ‍ॅनोडवर क्लोरीन सुटायची भीती असते. आपण इतक्या कमी व्होल्टेजवर काम करणार की क्लोरीनची वेळच येत नाही.

१३ मार्च

जेवणाच्या सुट्टीत पाकिटाच्या मागे हिशेब. काळ्या समुद्रात पाणी साधारण ५.४७ लाख घन किलोमीटर. त्यातलं ८७ टक्के ऑक्सिजनविना, म्हणजे पावणेपाच लाख. लिटरला सरासरी १० मिलिग्रॅम एचटूएस धरला तर एका घन किलोमीटरमध्ये १० हजार टन. एकूण पावणेपाच अब्ज टन. छापील लेखांमध्ये ४.६ अब्ज टन असा आकडा फिरतो, त्याच्याशी जुळलं. खूश झालो.

मग सतराने भागलं, कारण ३४ भाग एचटूएसमध्ये हायड्रोजन २ भाग. अठ्ठावीस कोटी टन हायड्रोजन. जग वर्षाला साडेनऊ कोटी टनांच्या आसपास हायड्रोजन वापरतं. सगळा समुद्र पिळून काढला तरी तीन वर्षांची बेगमी. नवा एचटूएस सतत तयार होतो हे खरं, पण पाकीट मी खिशात घातलं आणि प्राध्यापक बाईंना दाखवलं नाही.

२१ मार्च

विद्युत-विघटनाचा पहिला सेल जोडला. पहिल्याच दिवशी फजिती. कृत्रिम समुद्रपाणी बनवून त्यात सोडियम सल्फाइडचे खडे टाकले आणि बघता बघता बीकर ताकासारखा पांढरा झाला. घाबरून हूडचं दार खाली ओढलं. तंत्रज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅग्नेशियम." बरोबरच होतं: सल्फाइडचं द्रावण अल्कधर्मी, आणि समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम त्यात हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. आत्ता बीकरमध्ये झालं, उद्या हेच कॅथोडवर थर बनून बसणार. वहीत लाल शाईने लिहून ठेवलं.

तूर्त नुसतं मिठाचं पाणी आणि सल्फाइड. मध्ये पडदा, दोन्हीकडे ग्रॅफाइट, कॅथोडच्या जाळीवर थोडं प्लॅटिनम. ०.७ व्होल्ट दिले. कॅथोडवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर निघाली. उलट्या परीक्षानळीत गोळा केली, काडी लावली. 'टुप्'. शाळेत आठवीला ऐकला होता तोच आवाज.

२६ मार्च

कालपर्यंत द्रावण तीव्र अल्कधर्मी होतं. आज प्रामाणिकपणा म्हणून पीएच समुद्राइतका, आठच्या खाली आणला. पहिली दहा मिनिटं करंट छान. मग कोणीतरी नळ हळूहळू बंद करत असावं तसा तो उतरू लागला. चाळीस मिनिटांनी दहावा हिस्साही नाही.

अ‍ॅनोड बाहेर काढला. काळ्या ग्रॅफाइटवर हळदीचं बोट फिरवल्यासारखा मळकट पिवळा थर. चिमट्याने टोक पकडून ओढलं तर सायीसारखा पापुद्रा सुटून आला. गंधक. हेच तर आपल्याला हवं होतं, फक्त ते जिथे तयार होतं तिथेच बसतं. आणि गंधकातून वीज जात नाही. सेल स्वतःच्याच कमाईखाली गुदमरला.

हे दुखणं जुनं आहे. या विषयावर हात घातलेल्या प्रत्येकाच्या लेखात याच पापुद्र्याचा परिच्छेद सापडतो.

९ एप्रिल

आज गुढीपाडवा. खोलीच्या खिडकीत काठीला नवा टॉवेल आणि वर स्टीलचा पेला, एवढीच गुढी. कडुनिंब नाही, म्हणून चहात साखर घातली नाही.

पापुद्र्यावर उपाय तीन-चार प्रकारचे आहेत. पीएच बारा-तेरावर नेऊन द्रावण साठ-सत्तर अंशांना तापवलं तर गंधक थरात न बसता पॉलिसल्फाइड होऊन विरघळतं. आज तेच केलं. द्रावण आधी लिंबूसरबतासारखं, संध्याकाळी नारिंगी. करंट सहा तास टिकला. दुसरा मार्ग आडवळणाचा: एचटूएसला इलेक्ट्रोडपर्यंत जाऊच द्यायचं नाही, बाहेरच्या टाकीत फेरिक लोहाने त्याचं गंधक करायचं, गाळून घ्यायचं आणि सेलमध्ये फक्त लोह परत ताजं करायचं. या मार्गात पापुद्रा नाही. पण व्होल्टेज वाढतं, आणि त्यासाठी आम्लात काम करावं लागतं.

नारिंगी द्रावणाचा फोटो घरी पाठवला. आईचं उत्तर: "पाडव्याला श्रीखंड सोडून हे काय?"

१७ मे

खोल पाण्याचे नमुने आणायला बोट अजून नाही. रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून उत्तरेकडून सुटलेल्या सुरुंगांची भीती आहे. तुर्की, रोमानिया आणि बल्गेरियाने जानेवारीत एकत्र सुरुंग काढण्याचा करार केला आहे, पण विमेवाल्यांचे कागद संपत नाहीत. तोवर, पाण्यातला सल्फाइड धरून ठेवायला, झिंक अ‍ॅसिटेटच्या बाटल्या भरून, लेबलं लावून ठेवल्या. एकूण ९६.

१२ जून

काल संध्याकाळी निघालो, रात्रभर पूर्वेकडे. पहाटे किनारा कुठेच नाही, पाणी काचेसारखं. काळा वगैरे काही नाही, चांगला निळा-हिरवा समुद्र. डॉल्फिन दिसले. वरच्या दीडशे मीटरांत एवढं सगळं आयुष्य आणि त्याच्या पायाखाली दोन किलोमीटर काहीच नाही, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. याच बाजूला दोन किलोमीटर खोलीवर चोवीसशे वर्षांपूर्वीचं ग्रीक जहाज डोलकाठीसकट उभं सापडल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. लाकूड खायला तिथे किडाच जगत नाही.

बाटल्यांची चौकट खाली सोडली. स्क्रीनवर ऑक्सिजनची रेषा शंभर मीटरच्या आसपास शून्याला टेकली आणि परत वर आली नाही. हजार मीटर. मग वर येता येता एकेका खोलीवर झाकणं मिटवत आणली.

चौकट डेकवर आली. बाटल्यांवर बाहेरून दव, कारण खालचं पाणी बारा महिने नऊ अंशांचं. पाणी बघायला अगदी स्वच्छ, नळाचंच म्हणा. हजार मीटरच्या बाटलीची तोटी उघडली आणि तो वास आला. अकरा वर्षं ज्या वासाला घाबरून वाऱ्याची दिशा बघायची सवय लागली, तो वास मोकळ्या समुद्रात, ताज्या पाण्यातून. खलाशी नाक दाबून हसत होते. मी मात्र त्यांना केबिनमध्ये एकही बाटली नेऊ दिली नाही. खोल पाण्याचा पीएच ७.६ च्या जवळ, त्यामुळे त्यातला दहावा हिस्साच वायूच्या रूपात असतो, बाकीचा आयन होऊन पाण्यात बांधलेला. पण तेवढ्यानेही अर्धवट भरलेल्या बंद बाटलीच्या डोक्यावरच्या हवेत दोन-तीनशे पीपीएम जमू शकतो. शंभरच्या वर नाक बधिर होतं आणि वास येत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. हा वायू हवेपेक्षा जड, केबिनच्या तळाशी साचणारा. प्लँटवर आम्हाला शिकवलेलं पहिलं वाक्य: वास थांबला म्हणजे धोका टळला असं समजू नका.

बोटातलं चांदीचं वळं दुपारपर्यंत तपकिरी, संध्याकाळी काळं.

जेवायला तळलेले चाचा मासे. बोटाएवढे, काट्यासकट कुरकुरीत. डोळे मिटून खाल्ले तर मांदेलीच.

१४ जून

क्लाइनची पद्धत १९६९ पासून सगळे वापरतात: सल्फाइडवर अमाईन आणि फेरिक क्लोराइड घातलं की मिथिलीन ब्लू तयार होतो, रंग जेवढा गडद तेवढा सल्फाइड जास्त. नळ्या खोलीच्या क्रमाने स्टँडमध्ये लावल्या. १०० मीटर: पाण्यासारखी. १५०: आहे की नाही अशी निळसर झाक. २००: धुतलेल्या कपड्याला दिलेली नीळ. ५००: शाई. १०००ची नळी पाचपट पातळ करावी लागली. अख्खा समुद्र एका लाकडी स्टँडमध्ये उभा होता. तंत्रज्ञ बाईंनी फोटो काढला आणि मग मला बाजूला करून परत काढला.

हजार मीटरला लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम. पाकिटावरचा आकडा खरा निघाला.

झाकण नीट न लागलेली एक बाटली सकाळी दुधट झाली होती. हवा लागली की गंधक सुटायला लागतं. फेकून दिली.

२० जून

खरं पाणी सेलमध्ये भरलं. सकाळी नऊ वाजल्यापासून बसलो आहे.

काही नाही.

म्हणजे अगदीच शून्य नाही. पोटेन्शिओस्टॅट मायक्रोअँपिअरमध्ये काहीतरी दाखवतो. पापुद्रा धरण्याइतकंही गंधक तयार होत नाही. मार्चपासून मी ज्या द्रावणाशी खेळत होतो त्यात समुद्रापेक्षा तीनशेपट सल्फाइड होता. तीनशेपट! हे मला माहीत नव्हतं असं नाही. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात आहेत, एकाखाली एक.

२१ जून

कालचं नीट मांडलं. सल्फाइडचा कण इलेक्ट्रोडपर्यंत पोचेल तेव्हा वीज वाहणार. पाणी इतकं पातळ की साध्या प्रवाहात दर चौरस मीटरला जेमतेम अर्धा-पाऊण अँपिअर मिळेल. तासाला एक किलो हायड्रोजन हवा तर साडेसव्वीस हजार अँपिअर लागतात. भागाकार करा: पंचेचाळीस हजार चौरस मीटर इलेक्ट्रोड. अकरा एकर. गावाकडे आमची एकूण जमीन त्याच्या निम्मीही नाही.

सच्छिद्र फेल्ट (नमद्यासारखं कापड) वापरून एवढं क्षेत्र एका खोलीत गुंडाळता येतं, बाई म्हणाल्या. येतं. मागवलं.

८ जुलै

रात्री जुन्या शिफ्टमधल्या काकांचा फोन. निवृत्त होऊन आता उरणला असतात. एकतीस वर्षं क्लॉसच्या भट्टीसमोर काढलेला माणूस. मी उत्साहाने फेल्ट, पडदा, नळ्यांचे रंग सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुझा गॅस किती मीटरवर?"

"हजार, काका."

"आणि पाणी वर कोण आणणार?"

"अहो, समुद्राच्या आत समुद्राचंच पाणी वर आणायचं. हजार मीटरचं हेड, म्हणजे चढ, पडत नाही. दोन्हीकडे पाणीच की."

"हेड पडत नाही हे मला शिकवू नकोस. पाईप आहे ना? घर्षण आहे ना? डेक पाण्याच्या वर आहे ना? विहिरीत पाणी आपलं असलं म्हणून मोटारीचं बिल माफ होत नाही रे बाबा. किलोमागे किती पाणी लागतं ते सांग."

मी म्हटलं उद्या सांगतो.

९ जुलै

एक किलो हायड्रोजनला १७ किलो एचटूएस. घनमीटरला १० ग्रॅम म्हणजे १७०० घनमीटर पाणी. गच्चीवरची काळी हजार लिटरची टाकी डोळ्यापुढे आणा. तशा सतराशे टाक्या, आणि तेही त्यातला शेवटचा कण हाती लागला तर. मिळणाऱ्या एक किलोवर गाडी साधारण शंभर किलोमीटर जाते. पुण्याहून मुंबईला निघालात तर खोपोली ओलांडून पनवेलच्या अलीकडे थांबाल.

आता मोटार. काकांच्या सोयीसाठी युनिटमध्ये: एक युनिट वीज एक टन वजन ३६७ मीटर उचलते. खोल पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित जड, त्याचा फरक हजार मीटरच्या नळीत मीटरभरही भरत नाही. तिथपर्यंत माझं बरोबर होतं. पण मीटरभर रुंद नळीतही घर्षणाचा पाऊण मीटर, डेकची उंची तीन मीटर, फेल्टमधून पाणी ढकलायला दोन-एक मीटर, आणि पंपाची कार्यक्षमता सत्तर टक्के. सगळं मिळून दहा मीटर धरू. सतराशे टनांना दहा मीटर म्हणजे ४६ युनिट.

एक किलो हायड्रोजन जाळून मिळतात ३३.

अजून सेलला एक युनिटही दिलेलं नाही. सेल ०.१७ व्होल्टवर कधीच चालत नाही. ०.७ वर चालला तर आणखी १८-१९ युनिट. आणि निम्माच सल्फाइड पकडला तर पंपाचे आकडे दुप्पट. बाजारातला साधा इलेक्ट्रोलायझर नळाच्या शुद्ध पाण्यातून किलोला पन्नास-पंचावन्न युनिटांत हायड्रोजन देतो. नळ उघडायला त्याला हजार मीटर जावं लागत नाही.

डेकवर न उचलता सेल पाण्याच्या पातळीलाच तरंगता ठेवला, नळी आणखी रुंद केली, तर हेड तीन मीटरवर आणता येईल. मग त्याच सत्तर टक्क्यांच्या पंपाला वीस युनिट. निम्म्या पकडीने चाळीस. सेलचे धरून साठ. घासाघीस करून आपण बाजाराच्या बरोबरीच्या किंचित वर. आणि एप्रिलमधला तापवण्याचा उपाय? सतराशे टन पाणी पन्नास अंशांनी तापवायला चौऱ्याण्णव हजार युनिट. हा आकडा मी तीनदा तपासला, मग हसायला आलं.

काकांना पाठवलं. उत्तर: अंगठा, आणि "वाईट वाटून घेऊ नको. जेवलास का?"

२३ जुलै

मग आधी सल्फाइड घट्ट करून घेऊ, असं ठरलं. दोन मार्ग तपासले, दोन्ही आठवड्यात आटोपले.

आम्ल घालून पीएच उतरवायचा, म्हणजे आयनचा वायू होईल आणि हवेने उडवून घेता येईल. पण खोल पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, लिटरला चार मिलिमोलच्या वर. आधी ते सगळं आम्ल खाऊन टाकतं. किलोभर हायड्रोजनमागे तीनशे किलोच्या घरात सल्फ्युरिक आम्ल. आणि सल्फ्युरिक आम्ल कशापासून करतात? गंधकापासून. आपल्याला बदल्यात मिळणारं गंधक १६ किलो.

आयन-एक्स्चेंज रेझिन, म्हणजे पाण्यातले आयन पकडणारे मणी: एका सल्फाइडमागे हजार क्लोराइड दारात रांग लावून उभे. रेझिनने कोणाला आत घ्यायचं?

१९ ऑगस्ट

बाईंशी आज पहिल्यांदा वाद. त्यांचं म्हणणं, प्रकल्पाच्या नावात 'हायड्रोजन' आहे, निधी त्या नावावर आला आहे. माझं म्हणणं, हायड्रोजन एचटूएसमधून काढायचा तर एचटूएस जिथे आधीच गोळा झालेला आहे तिथे काढावा: रिफायनरीत, जिथे वायूत ऐंशी-नव्वद टक्के एचटूएस नळीतून चालत येतो. किंवा आमच्याकडे कोल्हापूर-सांगली पट्ट्यात डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशपासून, म्हणजे उरलेल्या सांडपाण्यापासून, बायोगॅस बनतो त्यात, तिथे तो काही टक्के असतो आणि इंजिन खातो म्हणून पैसे खर्चून काढूनच टाकावा लागतो. तिथे पंप नाही, समुद्र नाही.

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या सी-मेट या सरकारी संशोधन संस्थेत भारत काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्यप्रकाशाने एचटूएस फोडण्यावर बरीच वर्षं काम केलं. २००६ च्या त्यांच्या लेखातल्या कॅडमियम इंडियम सल्फाइडच्या कणांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली झेंडूच्या फुलासारखा दिसतो, आणि लेखाच्या नावातही झेंडूच आहे. मी बाईंना तो फोटो दाखवला. त्यांना फूल आवडलं. पण तिथेही एचटूएस शुद्ध वायूच्या रूपात पोटॅशच्या द्रावणात सोडतात. लिटरला दहा मिलिग्रॅमचा प्रश्न त्यांना पडलेलाच नाही.

बाई म्हणाल्या, "मग या समुद्राचं काय करायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर जाऊन कॉफी घेतली.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. इथे मूर्ती नाही, मोबाईलवरच आरती.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, नकवी आणि सहकाऱ्यांचे लेख वाचत बसलो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपून एचटूएस येतो. कोकणातला कोणी त्याकडे साठा म्हणून बघत नाही, संकट म्हणूनच बघतो. मासे पळतात. म्हणजे तोच वायू, पण प्रश्न वेगळा विचारलेला. आणि पाणी वर आणायच्या आमच्या बेतात एक गोष्ट आम्ही सोयीने विसरलो होतो: खोल पाण्याबरोबर अमोनिया, फॉस्फेट आणि मिथेनही वर येणार. ते पाणी वरच सोडलं तर शेवाळाला मेजवानी. परत खाली सोडायचं तर दुसरी नळी.

पाणी वर आणायचंच नाही. इलेक्ट्रोड खाली न्यायचा.

१० सप्टेंबर

बाईंनी ऐकून घेतलं. अ‍ॅनोड दोनशे मीटरवर, सल्फाइडमध्ये. कॅथोड वर वीस मीटरवर, ऑक्सिजनमध्ये. मध्ये वायर. पंप नाही, आम्ल नाही. समुद्राने स्वतःच दोन थर करून ठेवलेत, त्यांच्यातला फरक हीच बॅटरी. यातून हायड्रोजन मिळणार नाही, वीज मिळेल, तीही थोडी. सोफियाच्या विज्ञान अकादमीत बेश्कोव आणि सहकाऱ्यांनी सल्फाइडवर चालणारा फ्युएल सेल याआधीच मांडला आहे, तेव्हा हे काही माझ्या डोक्यातून उगवलेलं नाही. ते सल्फाइडचं गंधक करून न थांबता सल्फेटपर्यंत जाऊ बघतात, म्हणजे पापुद्राही नाही.

बाईंनी मान हलवली. वर-खाली. मी निराश होऊन उठायला लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या पद्धतीने हलवली."

८ ऑक्टोबर

दुसरी फेरी. समुद्र खवळलेला, मला दोनदा उलटी. फेल्टची गुंडाळी टायटॅनियमच्या तारेला शिवून (खरोखर सुईदोऱ्याने) दोनशे मीटरवर सोडली.

मल्टिमीटर:
उतरताना ५० मीटर: ०.०३ व्होल्ट
१२० मीटर: ०.०९
१६० मीटर: ०.३१
२०० मीटर, वीस मिनिटांनी: ०.५८

शंभर ओहमचा रोधक लावल्यावर ०.२ वर उतरला, पण तिथे टिकला. चार तास. मग केबलच्या जोडात पाणी शिरलं. तो जोड मीच केला होता, टेप कमी गुंडाळली.

०.२ व्होल्ट आणि शंभर ओहम म्हणजे एका वॅटचा अडीच हजारावा भाग. घड्याळ चालेल. खोल पाण्यात वर्षभर ठेवायच्या तापमापकाला मात्र याहून जास्त काय लागतं?

३० ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. वळं जूनपासून काळंच होतं. गरम पाण्यात खायचा सोडा, तळाशी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर वळं. मिनिटाभरात चांदी पांढरी झाली आणि स्वयंपाकघरात तोच वास आला. हजार मीटरवरून आणलेलं गंधक वळ्यातून सुटून चालू लागलं होतं. खिडकी उघडली.

२२ नोव्हेंबर

अहवाल दिला. शीर्षकातला 'उत्पादन' शब्द बाईंनी स्वतः खोडला. तक्ता ४ मध्ये पंपाचा हिशेब पूर्ण ठेवला, दहा मीटरचाही आणि तीन मीटरचाही. परिशिष्टात काकांचे आभार मानायचे होते, पण त्यांनी नाव घालू नको म्हणून बजावलं.

वसंतातल्या फेरीसाठी मागणी: केबल २२० मीटर, जोड कारखान्यात ओतून घेतलेला. फेल्ट तीन गुंडाळ्या. तापमापक एक. रोधक ४७, १०० आणि २२० ओहमचे, प्रत्येकी दहा. सुई जाड, दोन.